आजी परत येण्याच्या अटी

माझ्या प्रबंधाचा विषय मी आता कुणालाच सांगत नाही. मागे आमच्या नाल्चिक शहरात एका दातांच्या डॉक्टरचं स्थळ आलं होतं. माणूस बरा होता, दातही स्वतःचे होते. त्याने विचारलं, "तुम्ही कशावर लिहिताय?" मी म्हटलं, "आपल्या कबार्डी भाषेतल्या जर-तरच्या वाक्यांवर. म्हणजे बघा, आपल्याकडे क्रियापदाच्या शेपटाला इवलासा प्रत्यय लावला की झालं जर-तर. पण त्याच्या आधी काळ कुठला बसवायचा? क्रिया संपलेली घ्यायची की चालू असलेली? 'आला तर' वेगळं, 'येत असला तर' वेगळं, 'आला असता तर' त्याहून वेगळं..." त्याने घड्याळ बघितलं. मी अजून उदाहरणांवर यायची होते. तो गेला तो गेलाच.

जाऊ दे. लग्न न झाल्याने मेले नाही मी. पण वाक्यं मिळेनात, याने मात्र मरायची वेळ आली होती. न घडलेल्या गोष्टींची वाक्यं हवी होती मला, आणि आमच्या गावात न घडलेल्या गोष्टींवर बोलायला कुणाला फुरसत नाही. सगळ्यांत वाईट आमची आजी, त्सुत्सा. वडिलांची आई. मी तिच्यापुढे बसायचे आणि म्हणायचे, "आजी, एवढं एक वाक्य पुरं कर. गाय हरवली असती तर..."

"कुणाची गाय?"

"तुझी."

"तुझ्या तोंडात माती! गोठ्यात आहे ती."

"अगं, समज की हरवली असती..."

"मी कशाला समजू? तू समज. पगार तुला मिळतो."

अशी आमची आजी. नाकावर माशी बसू द्यायची नाही. आणि आता तिच्या लाडक्या नातवाचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं, अंझोरचं लग्न निघालं होतं. मी मोठी, बिनलग्नाची, नाकात शेंबूड असल्यापासून ज्याला कडेवर घेतलं तो आता नवरा मुलगा. ओळखीच्या झाडून सगळ्या बायका माझ्याकडे बघून उसासे टाकत होत्या. मी त्यांच्या बशीत आणखी लाकुम वाढत होते. तोंडात गरम तळलेला लाकुम असला की उसासा टाकता येत नाही.

आमच्याकडे लग्नात नवरा मुलगा दिसत नाही. तो मित्राच्या घरी लपून बसतो, वडीलधाऱ्यांच्या नजरेला पडला तर लाज जाते. नवरी मात्र दिसते आणि ऐकू येत नाही. नाल्झान सकाळीच आली, हॉर्नच्या गोंगाटात, उंच टाचांवर, चेहऱ्यावर झिरझिरीत ओढणी. तिला कोपऱ्याच्या खोलीत नेऊन उभं केलं. उभं म्हणजे उभंच. बसायचं नाही, बोलायचं नाही, कुणी थोरामोठ्याने काही भेट देऊन तोंड उघडायला लावेपर्यंत तोंडात मिठाची गुळणी धरून राहायचं.

आणि सून घरात आली, की घरातली म्हातारी पळून जाते.

म्हणजे तिने पळायचंच असतं. गाठोडं काखोटीला मारायचं, "आली बाई नवी मालकीण, आता माझं इथे काय काम," असं साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणायचं आणि फाटकाबाहेर पडून रस्त्याने हळूहळू चालू लागायचं. मग घरची पोरं अकॉर्डियन घेऊन मागे धावतात, वाट अडवतात, विनवण्या करतात. ती मान फिरवते. मग आणखी विनवण्या. शेवटी तिला नाचवत वाजवत घरी आणायचं आणि मग तिनेच मध-लोण्याची वाटी घेऊन नव्या सुनेच्या ओठांना मध लावायचा. तो लागल्याशिवाय सूनबाईचं पाऊल मोठ्या खोलीत पडत नाही. आणि घरातली सगळ्यांत थोरली बाई जागेवर नसली तर मध लावणार कोण? शेजारीण?

आजी महिनाभर या पळण्याची तयारी करत होती. गाठोड्यात काय घालायचं यावरून आईशी दोनदा रुसून झालं. वाट अडवायचं काम माझ्या चुलतभावाला, तेम्बोतला दिलं होतं, कारण अकॉर्डियन तोच वाजवतो. त्याला तिने समोर उभं करून बजावलं होतं, "लगेच येऊ नकोस. लगेच आलास तर लोक म्हणतील, ठरवून केलं. मला पॉप्लरच्या झाडापर्यंत जाऊ दे. पण त्याच्यापुढे मला एक पाऊल टाकायला लागलं, तर कान उपटून हातात देईन."

मी तेव्हाही कागद-पेन्सिल शोधायला धावले होते. परत आले तोवर तिने वाक्य बदललं होतं.

तर त्या दुपारी आजी गाठोडं घेऊन अंगणात आली, "आली बाई नवी मालकीण" झालं, बायका हसल्या, टाळ्या पडल्या, ती फाटकाबाहेर गेली. आणि नेमक्या त्याच घटकेला आत, वडीलधाऱ्यांच्या टेबलाशी, हाझरेतकाका पेला घेऊन उभे राहिले.

हाझरेतकाका म्हणजे आजीचा थोरला मुलगा. त्यांच्या शुभेच्छा पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत. त्या दिवशी टेबलाचे मुख्य तेच होते, म्हणजे त्यांच्या परवानगीशिवाय कुणी खोकायचंही नाही. थोर माणूस शुभेच्छा देतोय आणि कुणी जागचं हललं, असं आमच्याकडे झालेलं मी तरी ऐकलेलं नाही. पेला हातात, नजर खाली, सगळे उभे. तेम्बोत आणि त्याची सगळी फौज त्याच टेबलाशी वाढायला होती. काका सुरू झाले ते नव्या जोडप्याच्या चुलीपासून. चुलीवरून धुरावर गेले, धुरावरून ढगांवर, ढगांवरून डोंगरावर, आणि डोंगरावर चढले ते उतरेचनात. तेम्बोत नंतर शपथेवर सांगत होता की त्याच्या पायाला मुंग्या आल्या, पण पाय उचलायची छाती झाली नाही.

आम्ही बायका स्वयंपाकघरात. आम्हाला वाटलं, पोरांनी आणलं असेल तिला, बसली असेल पुरुषांत मिरवत. पोरांना वाटलं, उशीर झाला म्हणून बायकाच गेल्या असतील.

शेवटी आई मधाची वाटी घेऊन आली. "मारिता, त्या कुठायत?" आई सासूचं नाव घेत नाही. इतकी वर्षं झाली, 'त्या' म्हणजे आजी.

"तिकडे असेल. पुरुषांत."

"तिकडे नाहीत."

"मग इथे."

"अगं, इथे असत्या तर मी तुला विचारलं असतं का?"

इतकं सुंदर वाक्य, आणि मी कागदसुद्धा शोधला नाही. मी फाटकाकडे धावले. फाटकावर शेजारची राया रेलून सूर्यफुलाच्या बिया फोडत होती.

"राया, आजी दिसली का?"

"त्सुत्सा? दिसली की. कधीच गेली ती. अगदी हळू चालत होती बाई, सारखी वळून वळून बघत. पॉप्लरपाशी थांबली, बुटाशी काहीतरी करत बसली. मग मार्शरुतका आली, चढली आणि गेली. मला वाटलं, तुमच्याकडे आता असंच करतात, नवी पद्धत!"

मार्शरुतका! ती भाड्याची व्हॅन नदीपलीकडे जाते. तिकडे आजीचं माहेर. मी तिथेच फाटकाला धरून उभी राहिले, आणि मला हसू येत होतं की रडू हेच कळेना.

ही गंमत राहिली नाही, हे आईच्या चेहऱ्यावरच दिसलं. म्हातारी खोटं खोटं पळते ती परत आणण्यासाठी. खरंच गेली, आणि दिवस मावळेपर्यंत आली नाही, तर त्याला दुसरं नाव आहे. घरच्यांनी म्हातारीला बाहेर काढलं. आणि ते बोलणं आमच्यावर राहणार नव्हतं. ते कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या पोरीच्या माथी बसणार होतं. हीच ती, हिचं पाऊल पडलं आणि थोरली घर सोडून गेली. केस पांढरे होईपर्यंत ऐकवलं असतं तिला लोकांनी.

"नवरीकडच्यांना कळता कामा नये," आई कुजबुजली. "त्यांना जागचं हलू देऊ नका."

"ते कसं?"

आईने क्षणभर विचार केला. माझी आई गरीब दिसते, पण आहे मोठी वस्ताद. तिने बाबांना गाठलं, बाबांनी काकांच्या कानात सांगितलं, आणि काकांनी डोंगरावरून खाली उतरून पेला नवरीकडच्या सगळ्यांत थोर पाहुण्याच्या हाती दिला. आता तो बोलेपर्यंत कुणी हलणार नव्हतं, आणि तोही काकांच्या तोडीस तोड होता. एवढ्यात तेम्बोत मागच्या दाराने सुटला. आम्ही दोघं त्याच्या खटारा निवा गाडीत बसलो, अकॉर्डियन माझ्या मांडीवर.

"मी निघणारच होतो!" तो वाटभर ओरडत होता. "पाय उचलला होता! तेवढ्यात काका म्हणाले, 'तर मंडळी!'"

"रस्त्याकडे बघ."

"काका बोलले नसते तर मी गेलो असतो!"

"तेम्बोत, रस्त्याकडे बघ, मी नंतर लिहून घेते."

आजीच्या माहेरी तिचा धाकटा भाऊ असतो, बरस्बीआजोबा. धाकटा म्हणजे ऐंशीचा. आम्ही अंगणात शिरलो तर ते सुरीला धार लावत होते आणि अक्रोडाच्या झाडाला एक गलेलठ्ठ मेंढा बांधला होता.

"या, या, या!" ते आनंदाने उडायचेच बाकी होते. "ताई आली! किती वर्षांनी न सांगता आली! मेंढा कापतोय!"

मी तेम्बोतकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. पाहुण्यासाठी मेंढा कापला की पाहुण्याने तो संपेपर्यंत उठायचं नसतं. उठला तर यजमानाच्या तोंडावर थुंकल्यासारखं. हा मेंढा उद्या दुपारपर्यंत संपला नसता.

"आजोबा, जरा थांबा, आम्ही आजीला न्यायला आलोय."

"न्यायला?" त्यांचा चेहराच पडला. "माझ्या घरून पाहुण्याला जा म्हणायचं? मी? असलं काही माझ्या छपराखाली बोलायचं नाही. बसा. जेवा. तुम्हीही पाहुणेच."

आत आजी दारापासून सगळ्यांत लांब, मानाच्या जागी बसली होती. गाठोडं मांडीवर. पाठ ताठ. आम्हाला बघून तिने तोंड खिडकीकडे केलं.

तेम्बोतने काही न बोलता अकॉर्डियन काढलं आणि वाजवायला सुरुवात केली. आजी खिडकीकडेच बोलली, "त्या डब्याला सांग, गप्प बस. आता कुणी वाजवायला सांगितलंय?"

"आजी, चल ना ग," मी म्हटलं. "चुकलं आमचं."

"कुणाचं चुकलं?"

"सगळ्यांचं. काका शुभेच्छा द्यायला उठले आणि पोरं अडकली."

"सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही." ती माझ्याकडे वळली. "हाझरेत स्वतः इथे आला, आणि 'माझी शुभेच्छा लांबली' असं माझ्यासमोर म्हणाला, तर मी विचार करीन."

"विचार करशील, की येशील?"

"आधी तो येऊ दे."

काकांना फोन केला. काका कुणाच्या तरी मोटारीतून धापा टाकत आले. येता येता बरस्बीआजोबांनी त्यांच्या हातात माख्सिम्याचा, म्हणजे घरी आंबवलेल्या पेयाचा, कटोरा दिला, पाहुण्याला रिकाम्या हाताने आत कसं सोडणार. गावभर ज्यांच्या पुढे कुणी खोकत नाही ते आमचे काका आईसमोर पाटी विसरलेल्या पोरासारखे उभे राहिले.

"आई," ते म्हणाले, "माझी शुभेच्छा लांबली."

"ऐकलं," आजी म्हणाली.

तिथे थांबायला हवं होतं की नाही? पण हातात कटोरा होता. काकांच्या हातात कटोरा आला की आतलं काहीतरी सुटतं. "आणि ज्या आईने," ते म्हणाले, "मला या जगात आणलं, जिच्या पदराखाली..." बरस्बीआजोबांनी सुरी खाली ठेवली आणि अदबीने उभे राहिले. तेम्बोत उभा राहिला. मीही उभी राहिले, काय करणार. काका डोंगराच्या पायथ्याशी पोचले होते.

"बघ," आजी मला म्हणाली, "याला माफी मागायलासुद्धा डोंगर लागतो."

मला हसू फुटलं. तिलाही फुटलं असावं, कारण तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. पण ते काढलं तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. मी जाऊन तिच्या पायांशी बसले. काका शुभेच्छा देत होते, म्हणजे आमच्याकडे कुणाचं लक्ष जाणार नव्हतं.

"काय झालं ग?"

"काही नाही झालं. तेच तर." ती हळू आवाजात बोलायला लागली. "मी गमतीत निघाले, मारिता. मस्त वाटत होतं. हळूहळू चालले. कानोसा घेत होते, आता वाजेल, आता वाजेल. पॉप्लरपाशी बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. बुटाला काही झालं नव्हतं. परत सोडली. मग म्हटलं, त्सुत्सा, हे लोक खेळत नाहीयेत. तू गेलीस ते कुणाला कळलंच नाही. मार्शरुतका समोर येऊन थांबली. घरी परत फिरून काय सांगायचं होतं? की मला न्यायला कुणी आलं नाही म्हणून मीच आले?"



"आजोबा असते तर..." मी म्हटलं.

"तुझे आजोबा असते तर तेही आलेच नसते. तेही तिथेच पेला धरून उभे राहिले असते, शिस्तीचा मोठा माणूस! पण मी घरात नाही, हे त्यांना पाठ फिरवून उभं असतानाही कळलं असतं." तिने नाक ओढलं. "मध कुणीही लावेल ग. बोट सगळ्यांनाच असतं."

नेमका तेव्हाच फोन वाजला. आई. इतक्या मोठ्याने बोलली की काकाही डोंगरावर थबकले.

"मारिता! नवरी नाहीये! कोपरा रिकामा आहे!"

"म्हणजे?"

"म्हणजे उभी होती, आता नाही! तिच्याबरोबरच्या मुली म्हणतात, ओढणीच्या आत फोनवर कुणाला तरी काहीतरी लिहिलं आणि खिडकीतून उतरली! टाचांच्या बुटांसकट!"

मी उत्तर देणार तोच अंगणात ब्रेक करकचून लागले. मी खिडकीतून बघितलं आणि माझा विश्वासच बसेना. अंझोरची गाडी. अंझोर, ज्याने मित्राच्या घरात लपून बसायचं, ज्याला वडीलधाऱ्यांनी आज बघायचंच नाही, तो चाकामागे इतका खाली वाकला होता की स्टिअरिंगवर फक्त दोन हात दिसत होते. दुसरं दार उघडलं आणि पांढरा शुभ्र घोळ सावरत नाल्झान उतरली. ओढणी चेहऱ्यावर, पाय चिखलात.

सगळ्यांची धांदल उडाली. हाझरेतकाका नवऱ्याचे थोरले चुलते, त्यांनी नवरीच्या तोंडाकडे कसं बघायचं? ते झटकन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, कटोऱ्यासकट. बरस्बीआजोबांनी अंझोरची गाडी न बघण्यासाठी मेंढ्याकडे नजर लावली. मेंढा मात्र सगळ्यांकडे खुशाल बघत होता.

नाल्झान दाराशी आली आणि उभी राहिली.

"ही कोण?" आजी म्हणाली, जणू ठाऊकच नव्हतं. "हिला कुणी पाठवलं?"

नाल्झान गप्प.

"बस, पोरी."

बसली नाही.

"अगं, तुझे पाय थरथरतायत. सकाळपासून उभी आहेस. बस म्हणते ना मी!"

ओढणी डावीकडून उजवीकडे हलली. नाही.

"आजी," मी म्हटलं, "तू उठल्याशिवाय ती बसणार नाही. आणि तोंड तर ती उघडूच शकत नाही. कुणी काही दिलेलं नाही तिला."

आजीने आजूबाजूला बघितलं. गाठोड्याकडे बघितलं. त्यात जुना रुमाल होता आणि चीजचा तुकडा. तिने ते बाजूला केलं. मग तिची नजर खिडकीतून अक्रोडाखाली गेली.

"बरस्बी, हा मेंढा कुणासाठी रे?"

"तुझ्यासाठी ताई! खास तुझ्यासाठी!"

"म्हणजे माझा?"

"तुझाच की!"

"मग मी तो हिला दिला." आजी नाल्झानकडे वळली. "मेंढा तुझा. आता बोल, काय बोलायला आलीस ते."

बरस्बीआजोबांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. पण दिलेलं परत घेता येत नाही, आणि सुनेच्या पहिल्या शब्दासाठी दिलेल्या जनावराला सुरी लावता येत नाही. त्यांनी सुरी पाठीमागे लपवली.

घरात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. काकांनीही भिंतीकडेच कान टवकारले होते. नाल्झानने घसा साफ केला. सकाळपासून न वापरलेला आवाज, आधी नुसताच खर्रर झाला.

"आजी," ती म्हणाली, "मी बघितलं तुम्हाला जाताना."

आजीने गाठोडं पुन्हा मांडीवर ओढलं.

"माझी खिडकी रस्त्यावर आहे. तुम्ही फाटकातून निघालात, तेव्हापासून बघत होते. तुम्ही वळलात. पुन्हा वळलात. झाडापाशी नाडी सोडलीत आणि बांधलीत. मला वाटलं, आता कुणी येईल. कुणी येईना. मी बरोबरच्या मुलींना खुणावलं, त्यांना वाटलं मला पाणी हवंय." तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं. "मला बोलता येत असतं तर मी ओरडले असते. तुम्ही शेवटचं वळून बघितलंत ना, तेव्हा मी हात केला होता."

"खिडकीत?"

"हो."

"ते पांढरं? हललेलं?"

"माझी ओढणी होती ती."

आजी तिच्याकडे बघत राहिली. "मला वाटलं, पडदा हलला वाऱ्याने," ती म्हणाली. मग एकदम तिला हसू आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली, आणि तिचं बघून नाल्झान, आणि दोघींचं बघून मी. दोन वर्षं ज्या वाक्यासाठी मी गावभर वणवण केली ते वाक्य आता माझ्यासमोर, अगदी खरंखुरं, कुणी न मागता बोललं गेलं होतं, आणि मी तेव्हा तेम्बोतच्या बाहीला नाक पुसत होते.

आजी उठली. गुडघे कडकड वाजले. "चला," ती म्हणाली. "ही पोरगी चक्कर येऊन पडली तर लोक मला बोलतील. आणि मेंढा घ्या बरोबर, तो तिचा आहे."

मेंढा निवामध्ये मागे बसला, काकांच्या शेजारी. काका अजूनही शुभेच्छेच्या मधोमधच होते आणि ऐकायला आता तोच होता. आजी अंझोरच्या गाडीत पुढे बसली, आम्ही दोघी मागे. आजीने चाकामागच्या वाकलेल्या पाठीकडे न बघता मला विचारलं, "गाडी कोण चालवतंय ग?"

"कुणी नाही, आजी."

"मग त्या कुणी-नाहीला सांग, मान वर काढून चालव. मला जिवंत घरी जायचंय."

पॉप्लरचं झाड आलं तशी आजी म्हणाली, "थांब." अंझोर थांबला. तिथून आमचं फाटक दिसत होतं. फाटकात आई, बाबा, राया, अर्ध्याहून जास्त गाव. नवरीकडचा तो थोर पाहुणाही शेवटी बोलून संपला होता आणि पेला घेऊन बाहेर आला होता.

"आता काय?" मी विचारलं.

"मी अशी गाडीत बसून घरी जाणार नाही," आजी म्हणाली. "मी पळाले आणि कुणी आलं नाही, असं व्हायला नको. मी पुन्हा पळते. तुम्ही नीट या."

"आजी, हे काय आता!"

"आलात तर येईन. नाही आलात तर मेंढा माझा."

ती उतरली. गाठोडं काखोटीला मारलं आणि फाटकाकडे पाठ करून रस्त्याने चालायला लागली, हळूहळू, ताठ मानेने. क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून निवा येऊन थांबली, तेम्बोत उडी मारून उतरला आणि अकॉर्डियन असं काही वाजवायला लागला की दारादारातून लोक बाहेर आले. आई मधाची वाटी घेऊनच धावत सुटली. काका धावले. बाबा धावले. नवरीकडचे पाहुणे, ज्यांना काहीच माहीत नव्हतं, तेही धावले, आणि अंझोर, ज्याला आज कुणी बघायचं नव्हतं, तो सगळ्यांच्या मधून धावला आणि कुणी बघितलं नाही. सगळ्यांच्या पुढे नाल्झान होती. तिने टाचांचे बूट काढून हातात घेतले होते आणि ओढणी पाठीवर उडत होती.

आजीने वळून बघितलं. आम्ही येत होतो. ती पुढे चालली, पुन्हा वळून बघितलं. आम्ही अजूनही येत होतो, आणखी जवळ. मग ती ऐंशी ओलांडलेली बाई झगा वर उचलून खरोखरच पळायला लागली, हसत, ओरडत, "नाही येणार! जा! नाही येणार मी!" आणि दर चार पावलांनी मान मागे वळवून बघत, की आम्ही येतोय ना.